पोटापाण्याचा सॅक्सोफोन

सुरतेत जाझ कुठे ऐकायला मिळतो, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच: कुठेही नाही. जाझ वाढला तो हॉटेलांच्या आणि नाइटक्लबांच्या आश्रयानं. जिथे रात्री उशिरापर्यंत पेले भरत राहतात आणि कोपऱ्यातल्या पाच-सहा वादकांचा पगार मालकाला परवडतो, तिथे तो रुजतो. आमच्याकडे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा अजून चालू आहे. १ मे १९६० रोजी राज्यं वेगळी झाली, पण कायदा गुजरातनं सांभाळला. पुढे त्याचं नाव बदललं. अशा शहरातून, त्यातही गोडादऱ्यासारख्या कामगारवस्तीतून, जाझ आणि रागसंगीत यांचा मेळ घालणाऱ्या वादकांवरच्या मराठी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली जातेय, हे वाचकाला चमत्कारिक वाटेल. मला त्यात काही वावगं दिसत नाही. ते का, हे सांगता सांगता या पुस्तकाचा विषयही बराचसा सांगून होईल.

गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात अर्धा खान्देश राहतो, असं आम्ही थट्टेनं म्हणतो. उधन्याहून निघणारी तापी लाईन बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला पोचते. याच गाडीनं माणसं पिढ्यानपिढ्या इकडे येत राहिली आणि लूम्सच्या खात्यांत, डाइंग मिलमध्ये, रिंग रोडच्या कापड मार्केटात कामाला लागली. त्यांच्यासोबत त्यांची लग्नं आली आणि लग्नांसोबत बँड आला. लगीनसराईत वरात निघते तेव्हा गाडीवर कॅसिओ असतो, दोन्ही अंगांना भोंगे असतात, पुढे ताशे कडाडत असतात आणि मधोमध गणवेशातला एखादा क्लॅरनेटवाला किंवा सॅक्सोफोनवाला चालत असतो. वाद्याची पत्ती कोरडी असली तर सूर फाटतो, म्हणून तो ती आधी बराच वेळ तोंडात धरून ओली करतो. मग कॅसिओवाल्याकडून सूर घेतो. ठरलेलं अहिराणी गाणं सुरू होण्याआधी तो शिवरंजनीचा किंवा भैरवीचा एखादा तुकडा असा काही फुंकतो की नाचायला सरसावलेली पोरंही क्षणभर थांबतात. त्या तुकड्यात मींड असते. सॅक्सोफोन मींडेसाठी बनलेला नाही. पॅरिसमध्ये १८४६ साली आडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानं त्याचं पेटंट घेतलं ते लष्करी बँड आणि वाद्यवृंद डोळ्यांसमोर ठेवून. ती मींड या माणसानं ओठांतून आणि जबड्यातून काढलेली असते.

ज्याला रंगमंचावर ‘फ्यूजन’ म्हणून तिकीट लावतात, त्याचं मूळ मला या प्रकारच्या कामात दिसतं. हे पुस्तकही, माझ्या वाचनाप्रमाणे, तेच सांगतं. आपल्याकडचं फ्यूजन विचारवंतांच्या चर्चेतून निघालं नाही. परक्या वाद्यावर पोट भरणाऱ्या माणसांना समोरच्या माणसाला हवं ते वाजवावं लागलं, त्या गरजेतून ते आलं. आधी मजुरी आली, नाव मागाहून पडलं. या वादकांची कारकीर्द वाचायची तर ती सर्कस, हॉटेल, स्टुडिओ आणि वरात यांच्या हिशेबवह्यांतून वाचावी लागते. पुरस्कारांच्या यादीत ती सापडत नाही.

याची सुरुवात गोव्यात होते. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चला जोडून संगीताच्या शाळा असत. गावातल्या मुलाला मेश्त्र, म्हणजे संगीतशिक्षक, सोल्फेजो (स्वरवाचन) शिकवी, पाच ओळींच्या पट्टीवरचं लेखन वाचायला लावी आणि हातात व्हायोलिन किंवा क्लॅरनेट देई. उद्देश चर्चमधल्या गायनाचा; पण झालं असं की सबंध हिंदुस्थानात स्टाफ नोटेशन धडाधड वाचू शकणाऱ्यांचा मोठा साठा एका छोट्या वसाहतीत तयार झाला. संस्थानिकांचे बँड, आगबोटी, मूकपटांची थिएटरं, सर्कशी या साऱ्यांना असे लोक हवेच होते. सर्कस म्हटलं की मराठी वाचकाला विष्णुपंत छत्रे आठवतील. त्यांच्या सर्कशीच्या आधारानं ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ गावोगाव गायले, ही आपल्या संगीताच्या इतिहासातली मला फार आवडणारी गोष्ट आहे. ख्यालाला जर तंबूचा आसरा घ्यावा लागला, तर सॅक्सोफोनवाल्यानं तो घेतला यात कमीपणा कसला? इकडे सुरतेच्या आसपासचा सोनगड, व्यारा, नवसारी हा मुलूख गायकवाडी. बडोद्याला १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा निघाली आणि दरबाराला पाश्चात्त्य धर्तीचा बँडही होता. दोन्ही संगीतं एकाच तिजोरीतून पगार घेत होती. ती एकमेकांत मिसळायला मात्र बराच काळ जायचा होता.

मुंबईत खरा जाझ आला तो १९३५ साली, लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला तेव्हा. त्याच्या पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. धोबी तलावाच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, राहणाऱ्या पोरांनी हे कान देऊन ऐकलं. तोवर ते लिहिलेलं वाजवत होते. आता न लिहिलेलं वाजवायचं होतं. मिकी कोरिया यांनी पुढे ताजचा बँड कितीतरी वर्षं सांभाळला. रुडी कॉटन हे इंग्रजी वाटणारं नाव घेणारा टेनर सॅक्सोफोनवादक मुळात पारशी होता, कावसजी खटाव. आणि अँटोनियो झेवियर वाझ नावाचा एक ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट म्हणून गाजला.

मग स्वातंत्र्य आलं आणि त्याच्यामागे दारूबंदी. मोरारजी देसाईंच्या राजवटीत मुंबईचे बार बंद झाले, तसे बँडही सुटले. काही वादक कलकत्त्याला गेले, कारण पार्क स्ट्रीट ओला होता. बाकीच्यांनी दादर-ताडदेवच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंची वाट धरली. मराठी माणसाचा या गोष्टीशी थेट संबंध इथे येतो. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी या मोकळ्या झालेल्या वादकांना जेवढं मनापासून वापरलं तेवढं फार थोड्यांनी वापरलं असेल. १९४७च्या ‘शहनाई’पासून १९५१च्या ‘अलबेला’पर्यंत आणि पुढे १९५७च्या ‘आशा’तल्या ‘ईना मीना डीका’पर्यंत त्यांच्या गाण्यांत क्लॅरनेट आणि सॅक्सोफोन नुसते शोभेला नाहीत, ते चालीच्या आत शिरलेले आहेत. चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड ‘अलबेला’त पडद्यावरही दिसतो. काम चालायचं ते असं: संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगायचा, ती सरगमीत किंवा तोंडीच असायची. गोवेकर ॲरेंजर ती ऐकून पट्टीवर उतरवायचा, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद करायचा आणि वादक तो कागद पाहून वाजवायचे. पण मुरकी कागदावर कशी लिहिणार? ती सॅक्सोफोनवाल्याला गायिकेच्या गळ्यातून उचलावी लागे. एकाच दुपारी, एकाच शिफ्टमध्ये, बिलावलचं मेजर स्केल आणि पिलूच्या मुरक्या या दोहोंना न्याय द्यायचा, ही कसरत त्या स्टुडिओंत रोज चाले. तबकडीवर वादकाचं नाव नसे. शिफ्ट संपली की पैसे हातात पडत.

या धंद्यातला सर्वांत मोठा माणूस गोव्याचा नव्हता. मनोहारी सिंग हे कलकत्त्यातल्या नेपाळी कुटुंबातले, जन्म १९३१चा. बाटा कंपनीच्या बँडमधून ते वर आले आणि १९५८ साली, सलील चौधरींच्या सांगण्यावरून, मुंबईत. ‘कश्मीर की कली’तलं ‘है दुनिया उसी की’, ‘गाइड’मधलं ‘गाता रहे मेरा दिल’, ‘आराधना’तलं ‘रूप तेरा मस्ताना’ ही गाणी ज्यानं ऐकली आहेत त्यानं मनोहारी सिंग ऐकले आहेत, नाव ठाऊक असो वा नसो. बासरी, क्लॅरनेट, सॅक्सोफोन या तिन्ही वाद्यांवर त्यांचा हात सारखा फिरे.

१९६८ साली शंकर-जयकिशन यांच्या नावानं ‘रागा जाझ स्टाइल’ ही तबकडी निघाली. पुस्तकात तिच्यावर जे प्रकरण आहे ते मला सर्वांत जास्त आवडलं, आणि इथे थोडं रेंगाळावंसं वाटतं. अकरा राग, प्रत्येक तीन-चार मिनिटांचा: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, गिटारवर अनिबाल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, बासवर एडी ट्राव्हास, पियानोवर लुसिला पाचेको, बासरीवर सुमन, तबल्यावर रमाकांत. स्टुडिओत रोज अनामिक राहून राबणाऱ्यांची ही नावं आपल्याला निदान माहीत आहेत, हीच मोठी गोष्ट. शास्त्रीय संगीताच्या कडव्या रसिकांनी या तबकडीकडे नाक मुरडलं, जाझच्या कडव्या रसिकांनीही. राग तीन मिनिटांत उलगडत नाही, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण मला ही तबकडी पुढच्या अनेक गंभीर, लांबलचक, धूप लावून वाजवलेल्या फ्यूजनपेक्षा सच्ची वाटते. या माणसांना दोन्ही भाषा रोजच्या वापरानं येत होत्या. जयजयवंतीतल्या दोन गंधारांचं त्यांना नवल नव्हतं, कारण काल ते कुठल्यातरी गाण्यात वाजवून झाले होते. ते कुणाला भेटायला निघाले नव्हते. ते आधीच एका घरात राहत होते. शिवाय ही तबकडी मुळात बाजारासाठी काढलेली. बाजारू हेतूनं केलेली चीज चांगली निघू शकते, हे मान्य करायला आपली समीक्षा का कचरते, कोण जाणे.

लुसिला पाचेको यांचं नाव वर आलं. या पुस्तकात स्त्रिया आहेत त्या गायिका म्हणून किंवा पियानोपाशी. फुंकवाद्य हातात घेतलेली बाई त्यात जवळजवळ नाही. हा दोष लेखकाच्या माथी मारता येणार नाही. धंदाच तसा होता, आणि वरातीच्या बँडात तो आजही तसाच आहे.

आता ब्राझ गोन्साल्विस. तिसवाडीतल्या नेवरा गावचा हा सॅक्सोफोनवादक या पुस्तकाचा कणा आहे. गोव्यातल्या चर्चच्या संगीतापासून त्यांचा प्रवास मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या हॉटेलांत गेला. पार्क स्ट्रीटवर ट्रिंकाज, ब्लू फॉक्स, मोकॅम्बो अशी ठिकाणं होती, तिथे पॅम क्रेन गात असत आणि दार्जिलिंगहून आलेले लुई बँक्स पियानो वाजवत. रोज रात्री वाजवायचं, तेही जेवणाऱ्या-नाचणाऱ्या लोकांपुढे. यातून जी तालीम होते ती कुठल्याही शाळेत होत नाही. पण तीच तालीम माणसाला कंटाळवाण्या सफाईकडेही नेते. गोन्साल्विस त्या सफाईत अडकले नाहीत. त्यांनी अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन कानांत भरून घेतला होता, आणि कोल्ट्रेनच्या वाटेनं जाता जाता त्यांना आपलाच राग भेटला. सत्तरच्या आसपास त्यांच्या सात जणांच्या बँडची ‘रागा रॉक’ ही तबकडी निघाली. नाव त्या काळाच्या फॅशनचं आहे, वाजवणं फॅशनचं नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती पुस्तकात लेखकानं चांगली पकडली आहे. गोव्याच्या ख्रिस्ती वादकापर्यंत राग येतो तो अमेरिकेला वळसा घालून. कोल्ट्रेननं रविशंकरांच्या तबकड्या ऐकल्या, १९६१ साली न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये ‘इंडिया’ वाजवलं, १९६५ साली जन्मलेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. त्याचं ऐकून पार्क स्ट्रीटवरचा नेवऱ्याचा माणूस रागाकडे वळला. ज्या गोव्यानं केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दिल्या, त्याच गोव्याचा हा माणूस. पण देवळाच्या आणि चर्चच्या संगीतामधली भिंत इतकी जाड होती की शेजारचा सूर परदेशातून फिरून यावा लागला. याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. आलेला सूर अस्सल होता एवढं खरं.

कलकत्त्याची रात्र सत्तरीत मालवत गेली. नक्षलवादी चळवळीची धामधूम, करमणूक कर, मालकांची बदललेली गणितं. लुई बँक्स मुंबईला आले आणि सिनेमा-जाहिरातींच्या संगीतात गुंतले. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानं मुंबईच्या रंगभवनात पहिली जाझ यात्रा, म्हणजे जाझचा महोत्सव, भरली. सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनसम्राट तिथे वाजवून गेला; हा माणूस साठीच्या दशकात पवईच्या आश्रमात वेदान्त शिकायला राहून गेलेला होता. जाझ यात्रेनं आपल्या वादकांना प्रथमच हॉटेलबाहेरचा, नुसता ऐकायला आलेला श्रोता दिला. लुई बँक्स, ब्राझ गोन्साल्विस आणि कर्नाटक संगीतात वाढलेल्या गायिका रामामणी अशी माणसं एकत्र आली, युरोपात जाऊन वाजवून आली. पगारी फ्यूजनला मानाचं व्यासपीठ मिळालं ते असं. गोन्साल्विस यांची ध्वनिमुद्रणं मात्र बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. एवढ्या मोठ्या कारकिर्दीचा एवढा कमी पुरावा असावा, ही आपल्या तबकडी कंपन्यांच्या दृष्टीची मर्यादा आहे.

संगीताची प्रत्यक्ष अडचण काय असते, हे समजल्याशिवाय या वादकांनी काय साधलं ते कळत नाही. म्हणून थोडं तांत्रिक बोलतो. सॅक्सोफोनचं अंग पितळेचं, तरी तो लाकडी फुंकवाद्यांच्या कुळात मोडतो, कारण आवाज निघतो तो वेताच्या पत्तीतून. बासरीवर बोट हळूहळू भोकावरून सरकवलं की मींड मिळते. क्लॅरनेटच्या काही भोकांवर बोट थेट टेकतं, तिथेही थोडी सोय आहे. वरातीच्या बँडनं क्लॅरनेटवर जीव टाकला तो यामुळेच असावा. सॅक्सोफोनची सगळी भोकं गादीच्या झाकणांनी मिटतात: उघडं किंवा बंद, मधलं काही नाही. मधलं सगळं ओठांच्या दाबातून आणि घशातून काढावं लागतं. दुसरी अडचण पट्टीची. गायकाची काळी एक म्हणजे ऑल्टोवाल्याच्या बोटांना बी फ्लॅट आणि टेनरवाल्याच्या बोटांना ई फ्लॅट. एकाच मंचावर दोन सॅक्सोफोनवाले शेजारी उभे असले तरी त्यांचा सा वेगवेगळ्या बोटांवर असतो.

सर्वांत मोठी अडचण कॉर्डची. जाझवाला ठरलेल्या कॉर्डच्या साखळीवर कल्पना लढवतो. दर एक-दोन बारला पायाखालची जमीन बदलते. रागात सा हलत नाही. मग मेळ कसा घालायचा? वाट दाखवली ती ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’नं, ज्यात कोल्ट्रेनही होता. त्यातलं ‘सो व्हॉट’ मराठी कानाला असं सांगता येईल: पांढरी दोनचा सा धरून काफीच्या स्वरांत सोळा बार, मग सगळंच अर्ध्या स्वरानं वर उचलून आठ बार, मग परत मूळ जागी आठ. एवढा वेळ एकाच सा वर राहायला मिळालं की रागाला बसायला जागा होते. जोग राग या मेळात वारंवार का दिसतो, तेही इथे उलगडतं. चढताना शुद्ध गंधार, उतरताना कोमल. आणि ब्लूजचा जीवही त्याच दोन गंधारांच्या ओढाताणीत अडकलेला. जोगमध्ये उतरणारा सॅक्सोफोन नकळत ब्लूज बोलू लागतो. मारव्याशी मात्र कॉर्डची मैत्री होत नाही. पंचम वर्ज्य, सा सतत टाळलेला. खाली पियानो आला की मारव्याचं बेचैनपण लगेच संपतं. चांगला फ्यूजनवादक कुठला राग घ्यायचा यापेक्षा कुठला सोडायचा हे आधी शिकतो.

तालात त्या मानानं भांडण कमी. पाच मात्रांचा एक तुकडा घ्या, तो तीनदा वाजवा, मध्ये एकेक मात्रा थांबा. पाच, एक, पाच, एक, पाच: झाल्या सतरा. समेवर उचललं तर त्रितालाचं सोळा मात्रांचं आवर्तन पुरं होऊन तुकड्याची शेवटची मात्रा नेमकी पुढच्या समेवर पडते. जाझवाल्याचे चारचे चार बार म्हणजेही सोळाच. त्यामुळे तिहाई ही दोघांच्या हातमिळवणीची जागा झाली. इतकी सोपी जागा की पुढे तिचा कंटाळा यावा इतकी वापरली गेली. आज फ्यूजनच्या मैफलीत पाचवी तिहाई सुरू झाली की मी घड्याळाकडे बघतो.

परदेशात हाच प्रयोग उलट्या टोकानं चालला होता, आणि तिथेही एक मराठी माणूस होता. कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचा ऑल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये ‘इंडो-जाझ सूट’ केलं. ते १९६६ साली प्रसिद्ध झालं आणि ‘इंडो-जाझ फ्यूजन्स’ हे नाव पुढे त्यातूनच रूढ झालं. या चमूत सतारीवर दिवाण मोतीहार आणि तबल्यावर मुंबईचे केशव साठे. हेच दोघे १९६७ साली जर्मनीत निघालेल्या ‘जाझ मीट्स इंडिया’ या तबकडीवरही आहेत. साठे यांच्यावर मराठीत जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही. मेयर यांचं काम मला थोडं ताठ वाटतं, लिहिलेलं वाजवल्यासारखं. हॅरियटचा सॅक्सोफोन कागदातून निसटतो तेव्हा ते जिवंत होतं. याच्या अगदी उलट चार्ली मारियानो. बॉस्टनचा हा ऑल्टोवादक मलेशियात नागस्वरम ऐकून वेडा झाला, भारतात येऊन शिकला आणि १९८३ साली रामामणी व त्यांच्या बंगळूरच्या चमूबरोबर ‘ज्योती’ ही तबकडी केली. पुढच्या पिढीत शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी १९८८च्या ‘उसफ्रेट’मध्ये आईचा ठुमरीतला गळा जाझच्या मध्यभागी आणून ठेवला.

कद्री गोपालनाथ यांना या पुस्तकात जागा द्यावी की नाही, यावर वाद होऊ शकेल. मंगळूरकडच्या नागस्वरवादकाचा हा मुलगा. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकून त्यानं तो कर्नाटक संगीताच्या मंदिरात नेला. १९९४ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात ते वाजवून आले. ‘डुएट’ या तमिळ चित्रपटानं त्यांना घराघरांत पोचवलं. १९८० साली मुंबईत जॉन हँडी या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाबरोबर ते मंचावर आले, आणि २००८ साली ऑल्टोवादक रुद्रेश महंतप्पा यांच्या ‘किन्समेन’ या तबकडीवर दोन ऑल्टो सॅक्सोफोन समोरासमोर उभे राहिले. गोपालनाथ जाझवादक नव्हते, तसा त्यांचा दावाही नव्हता. तरी लेखकानं त्यांना घेतलं हे बरोबर केलं. गोन्साल्विस सॅक्सोफोनकडून रागाकडे आले, गोपालनाथ रागाकडून सॅक्सोफोनकडे. या दोघांना एकाच पुस्तकात वाचल्यावरच वाद्य केवढं लवचीक आहे ते कळतं.

पुस्तकाबद्दल एक तक्रार नोंदवतो. खान्देश, नाशिक, नगर आणि सुरत इथल्या लग्नाच्या बँडवर लेखकानं एकच छोटं प्रकरण दिलंय, तेही शेवटी, पुरवणीसारखं. माझ्या मते ते पहिलं हवं होतं. ताजमहाल हॉटेल आणि पार्क स्ट्रीट यांची कहाणी इंग्रजीत निदान लिहिली गेली आहे. पावसाळा लागला की वाद्य पेटीत ठेवून मार्केटात ताके उचलायला जाणाऱ्या, आणि तुळशीचं लग्न झालं की परत गणवेश चढवणाऱ्या क्लॅरनेटवाल्याची कारकीर्द कुणी लिहिलेली नाही. गाडीवरच्या कॅसिओनं त्याची जागा बरीचशी खाल्ली आहे. त्याच्यावर लिहायचं तर घाई करायला हवी.

वाचकानं पुस्तक हाती घेण्याआधी चार गोष्टी ऐकून घ्याव्यात, आणि या क्रमानं: ‘है दुनिया उसी की’मधला सॅक्सोफोन, मग ‘रागा जाझ स्टाइल’मधली जयजयवंती, मग कोल्ट्रेनचं ‘इंडिया’, मग मिळेल ते ब्राझ गोन्साल्विस. प्रकरणं मग आपोआप उलगडतील. आणि एक विनंती, विशेषतः वादकांच्या घरच्यांना. गोव्यात असो, गिरगावात असो की गोडादऱ्यात, आजोबांच्या पेटीत हातानं लिहिलेल्या नोटेशनच्या वह्या, बँडचे फोटो, हॉटेलांची करारपत्रं, शिफ्टच्या पावत्या सापडल्या तर त्या रद्दीत घालू नका. तबकड्यांवर या माणसांची नावं नाहीत. त्यांच्या कामाचा पुरावा आता त्या पेट्यांतच उरला आहे.

गोडादरा, सुरत